अबोल्यातलं मुखत्यारपत्र

टाचणीला घरात लहानपणापासून टाचणीच म्हणत. अंगाने काडी, आणि बसेल तिथे टोचणार. पुढे ती शिवणकामात पडली, टाचण्या ओठांत धरून बोलायला शिकली, आणि नावाचं सोनं झालं. ओठांचा डावा कोपरा टाचण्यांचा, उजवा बोलण्याचा. उजव्या कोपऱ्यातून जे बाहेर पडायचं ते डाव्या कोपऱ्यातल्या मालापेक्षा जास्त लागायचं.

परदेशात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. एका भल्यामोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात, कपडे दुरुस्तीच्या खात्यात ती कामाला होती. वर काचा, दिवे, अत्तराचे फवारे. खाली एक लांबडी खोली, छताला घाम फुटल्यासारखे गळणारे पाइप, ओळीने मांडलेल्या मशिनी आणि दोन इस्त्र्या. एक वाफेची. दुसरी म्हणजे त्यांची सुपरवायझर. हे नाव टाचणीनेच ठेवलं होतं, आणि त्याचा अर्थ तिथे तिच्याशिवाय कुणालाच कळत नसल्यामुळे ती ते बाईच्या तोंडावर म्हणायची. इस्त्री ज्या टेबलावरून फिरायची तिथलं हसणं सपाट व्हायचं.

इस्त्रीचा एकच कायदा होता: अर्धवट कपडा काउंटरवर न्यायचा नाही. शेवटची टीप घालायची, लोंबणारा धागा कापायचा, आणि मगच वर पाठवायचा. टाचणीच्या हाडीमांसी हा कायदा असा मुरला होता की ती घरी चहासुद्धा कपबशी पुसून झाल्यावरच टेबलावर ठेवायची.

अशी ती एका दुपारी कुणाच्या तरी पँटीला तुरपाई घालत असताना फोनवर एक फोटो आला. वहिनीकडून. सोबत एक शब्द नाही. ‘बघा’ नाही, ‘वाचा’ नाही, काही नाही.

ही वहिनी म्हणजे मधल्या भावाची बायको, आणि टाचणीचा तिच्याशी अबोला होता. साधासुधा नव्हे. लोकांचे अबोले नव्या लुगड्यासारखे असतात, दोनदा धुतले की मऊ पडतात. हा कातड्याचा होता.

त्याचं कारण म्हणजे वरची खोली. घर आईचं. खाली पुढच्या भागात थोरला, म्हणजे दादा, त्याच्या सिमेंटच्या दुकानासकट. मागच्या एका खोलीत मधला, त्याची बायको आणि कडेवरची पोर. आणि वर, अरुंद जिन्याने चढून गेलं की आईची शिवणाची खोली. आईने तिथेच टाचणीला सुई धरायला शिकवलं. आई गेली, आणि टाचणी परदेशी निघाली तेव्हा तिने त्या खोलीला मुठीएवढं पितळी कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकली. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी पोर घेऊन उभी होती.

“वन्सं, खोली उघडी ठेवा. खाली तिघं कशी राहतो ते बघताय ना. आईंच्या मशीनला हातसुद्धा लावणार नाही.”

“भुतं राहतील एक वेळ,” टाचणी म्हणाली, “पण तू नाही.”

हे ती का म्हणाली ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण शब्द म्हणजे काही बटण नव्हे, उसवून पुन्हा लावायला. तेव्हापासून वहिनी बोलत नव्हती. आणि आता तिने हा फोटो पाठवला होता.

फोटोत कोर्टाची नोटीस होती. दादाने दावा लावला होता, टाचणीविरुद्ध. म्हणणं असं, की बहिणीने परदेशी जाताना आपला हक्क तोंडी सोडला, वरची खोली तेव्हापासून माझ्याच वापरात आहे, सबब तिचा तिथे काही संबंध नाही असं कोर्टाने ठरवून द्यावं. टाचणीचा पत्ता म्हणून दादाने तेच घर दिलं होतं. त्यामुळे नोटीस त्याच दारावर चिकटली, आणि दादाने ती दुधावरची साय काढावी तशी हळूच सोलून खिशात घातली. सोलण्याआधी वहिनीने फोटो काढला होता, एवढंच.

टाचणीने टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. ती कामाच्या वेळेत असं कधी करत नसे. मग जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन दादाला फोन लावला.

“अगं वेडाबाई,” दादा म्हणाला. त्याचा आवाज गूळ लावलेला. “नोटीस म्हणजे काय, कागद गं! कोर्ट म्हटलं की कागद येणारच. आपल्याला काय, आपल्याला सगळ्यांचं नीट लावून द्यायचंय. तू एवढी लांब, तुला कशाला ताप? मी तुझ्यासाठीसुद्धा वकील बघून ठेवलाय. कागद पाठवतो. सही कर, परत पाठव, निवांत झोप.”

“माझ्यावर दावा तू लावलास. आणि माझा वकील पण तूच बघितलास?”

“मग कोण बघणार? मोठा भाऊ कोण?”

“बुद्धिबळ खेळताना पण दोन्ही बाजूंनी तूच बस. म्हणजे हरायची भीती नाही.”

“हे बघ, उगाच फाटे फोडू नकोस. आपल्याला काय, तारखेला तुझ्याकडून कुणी उभं राहिलं नाही तर कोर्ट एकतर्फी निकाल देईल. मग म्हणू नकोस दादाने सांगितलं नाही.”

त्याचा कागद आलाही. टाचणीने वाचला. दादाने बघितलेला तिचा वकील आणि दादाचा स्वतःचा वकील एकाच खोलीत बसत होते. दोघांच्या नावाखाली पत्ता एक, फोन एक. बहुधा डबाही एकच असावा.

आता काय? रजा मागून घरी जावं, तर इस्त्रीने सणसणीत सांगितलं, “हंगाम आहे. गेलीस तर परत येऊ नकोस.” नोकरी सोडून खोली वाचवायची म्हणजे शर्ट वाचवायला पँट फाडायची. तेव्हा स्वतःच्या वतीने कोर्टात उभं राहायला तिकडचाच कुणी माणूस हवा. टाचणीने नातेवाईक एकेक करून उलटेपालटे करून पाहिले, मंडईत वांगी बघावी तसे. चुलत भाऊ दादाच्या दुकानात उधारीवर जगतो, तो बाद. मामा चांगले, पण त्यांना ऐकू येत नाही आणि आपल्याला येत नाही हे त्यांना मान्य नाही. मधला भाऊ तर बिनदांड्याची छत्री. दादाने बोट ठेवलं तिथे त्याने स्वतःचा हिस्सा सोडल्याची सही करून टाकली होती, आणि वर “चहा घेणार का?” म्हणून विचारलं होतं.

राहिली वहिनी.

फोन वाजला. उचलला गेला. पलीकडे कुकरची शिट्टी, आणि मग सरळ प्रश्न.

“कोण मेलं?”

“कुणी नाही.”

“मग तुमचा फोन कसा, वन्सं? मला वाटलं तुमच्या घराण्यात मेल्याशिवाय बोलत नाहीत.”

टाचणीने तो टोमणा गिळला. “फोटो मिळाला.”

“मिळणारच. पाठवला होता.”

“माझ्या वतीने कोर्टात उभी राहशील?”

पलीकडे असं हसू फुटलं की टाचणीने फोन कानापासून लांब धरला. “पुन्हा म्हणा वन्सं, पुन्हा एकदा! थांबा, पोरीला बोलावते. ती गॅसशेजारी बसून अभ्यास करतेय. तिला जागाच नाही ना दुसरी. तिला पण ऐकू दे!”

“राहशील का, नाही?”

“मीच का? तुमचे एवढे सोन्यासारखे नातेवाईक.”

“तू दादाला विकली जाणार नाहीस म्हणून.”

“आणि तुम्हाला?”

“मला तू फुकटसुद्धा घेणार नाहीस. म्हणूनच.”

पुन्हा एक शिट्टी झाली. मग वहिनी म्हणाली, “वकील मी बघेन. तुमच्या दादांच्या टेबलाचा नको. आणि एक सांगून ठेवते. कोर्टात बोलेन. तुमच्याशी नाही. हे आत्ता झालं ते बोलणं नव्हतं.”

वहिनीने वकील निवडला तो तिच्या पद्धतीने. कोर्टासमोरच्या टपरीवर ती सकाळभर चहा पीत बसली, आणि तिथल्या सगळ्या काळ्या कोटांत जो सर्वांत कमी बोलत होता त्याला जाऊन धरलं. हा वकील खरंच कमी बोलायचा, पण प्रत्येक वाक्याआधी घसा असा खाकरायचा की फोनवर टाचणीला वाटे, पलीकडे कुणी कपाट सरकवतंय.

“खर्रर. म्हणजे बघा. तुम्ही तिकडे. तुमच्या वतीने मी उभा राहणार, तर मला वकीलपत्र पाहिजे. ते सही करायला, दर तारखेला हजर राहायला, शपथेवर सांगायला इथे माणूस पाहिजे. त्या माणसाला आधी तुम्ही मुखत्यार नेमायचं. मुखत्यारपत्र तुमच्या तिकडच्या आपल्या दूतावासात जाऊन करायचं. खर्रर. हे असं आहे.”

“तिला काय काय अधिकार द्यायचे?”

“तुम्ही सांगाल ते.”

टाचणीने सांगितलं, आणि टाचून सांगितलं. खोली विकायचा अधिकार नाही. भाड्याने द्यायचा नाही. दादाशी तडजोड करायचा तर अजिबात नाही. कापडाला माप घ्यावं तसं तिने वहिनीभोवती टेप आवळला.

“खर्रर. एक कलम लागेल. जागेचा ताबा राखणे. तुमच्या भावाचं म्हणणंच आहे की ताबा त्याचा आहे.”

“घाला की. राखायलाच तर सगळं चाललंय.”

कागद आला. आणि इथे टाचणीने ती चूक केली जी फक्त इस्त्रीच्या तळघरातली बाईच करू शकते. आदल्या दिवशी घरी तिने टेबल पुसलं, पेन दोनदा झटकलं, आणि प्रत्येक पानावर एका रेषेत काजं पाडावीत तशी सुरेख सही केली. अर्धवट कपडा काउंटरवर न्यायचा नाही! पानं एकसारखी जुळवली, कोपरे दाबले, आणि दुसऱ्या दिवशी दूतावासातल्या खिडकीत अभिमानाने सरकवली.

खिडकीतल्या कारकुनाने चष्मा वर केला. “ही सही कुणी केली?”

“मी.”

“कधी?”

“काल. घरी.”

“कुणासमोर?”

“कुणासमोर कशाला? माझी सही मला येते.”

“बाई, सही माझ्यासमोर करायची असते. मी काय इथे हवा खायला बसलोय? तुम्ही सही करताना मी बघायचं, म्हणून तर हा शिक्का.”

“मग आता करते परत. शेजारी.”

“शेजारी चालत नाही. वर चालत नाही, खाली चालत नाही. नवा कागद आणा. आणि सोबत तुम्हाला ओळखणारे दोन साक्षीदार. पुढची वेळ पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात? अहो, त्याआधी कोर्टाची तारीख आहे!”

“मग त्याआधी सही कशाला केलीत?” कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

टाचणी फुटपाथवर आली तेव्हा तिच्या हातात ते जुळवलेले, दाबलेले, सुरेख, कवडीमोल कागद होते. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण काम केलं म्हणून काम बिघडलं होतं. वहिनीला कळवणं भाग होतं.

“म्हणजे,” वहिनीने सगळं ऐकून घेतल्यावर शांतपणे म्हटलं, “सगळ्या गोष्टीत तुम्हाला एकच काम होतं. नाव लिहायचं. ते पण कुणी बघायच्या आत उरकलंत.”

“झाली चूक.”

“चूक नाही वन्सं, स्वभाव. कुणी आत डोकावायच्या आत तुम्ही आपलं कुलूप लावून मोकळ्या.”

त्या दिवशी टाचणीने एका गिऱ्हाइकाचा कोट दोनदा उसवला.

वकिलाने बरंच खाकरून कोर्टाकडून एक तारीख वाढवून मागितली. कागद परदेशातून येतोय, म्हणून. कोर्ट म्हणालं, शेवटची. दादाने त्याच दिवशी फोन केला. “ऐकलं ते खरं का गं? सहीसुद्धा धड करता आली नाही? आपल्याला काय, पण लोक हसतात.”

“लोकांना सांगितलं कुणी?”

“मी नाही सांगितलं. मी फक्त हसलो.”

आता पुन्हा अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, आणि दोन साक्षीदार. इस्त्री कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मागच्या वेळी पण कागद होता. या वेळी पण कागद. कोणता कागद आहे हा? मला तर वाटतं दुसरीकडे नोकरी शोधतेस.”

“मग चल ना,” टाचणी म्हणाली. “साक्षीदार हवाच आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.”

ती रागाने म्हणाली होती. इस्त्रीही रागानेच आली. शेजारच्या मशीनवरच्या बाईला दुसरी साक्षीदार म्हणून घेतलं, आणि तिघी बसमध्ये तीन दिशांना तोंडं करून बसल्या. खिडकीशी टाचणीने कारकुनाच्या डोळ्यांत डोळे घालून सही केली, प्रत्येक अक्षराला वर बघत. “दिसली ना? ही दिसली? आता ही बघा.” कारकुनाने बघितलं. इस्त्रीने तो कागद उचलला, तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी उलटा करून मागची बाजू तपासली, शिवण तपासावी तशी, आणि मान हलवून साक्षीदाराच्या जागी सही केली. माल पास.

परत येताना ती एवढंच म्हणाली, “हे तू घरी करून गेली होतीस?”

“हो.”

“माझ्यामुळे,” इस्त्री म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधू जाल तर सापडायचा नाही. तो सरळसरळ अभिमान होता.

कागद घरी पोचला. त्यावर तिकडचे शिक्के बसले, वहिनीने वकीलपत्रावर सही केली, आणि टाचणीचा वकील कोर्टात उभा राहिला. पहिल्या सुनावणीचा वृत्तान्त वहिनीने फोनवर दिला. हे बोलणं नव्हे, ही मुखत्याराची माहिती, असं तिने आधी बजावलं. पण माहिती देताना तिला राहवेना. ती आवाज काढायला लागली. वकिलाचं कपाट सरकलं, न्यायाधीशबाईंचा नाकातला आवाज आला, आणि मग दादा आला, गुळासकट.

“‘आपल्याला काय बाईसाहेब, आपण सगळ्यांचं भलंच बघतो, बहिणीचं तर जास्त.’ तर त्या बाई नाकातून म्हणतात, ‘आपल्याला काय ते राहू द्या, खोलीत काय आहे ते सांगा.’ दादा गडबडले. म्हणतात, ‘खोलीत ना, खोलीत माझा माल असतो. सिमेंट. पोती.’ बाई म्हणतात, ‘वर? जिन्याने? सिमेंट?’ दादा म्हणतात, ‘हलकं सिमेंट असतं बाईसाहेब!’”

टाचणी तळघरात एकटीच फुसकन हसली आणि एक टाचणी गिळता गिळता वाचली. मग तिला आठवलं की आपण कुणाशी हसतोय, आणि तिने चेहरा नीट घडी करून ठेवला. पलीकडेही तसंच काहीतरी झालं असावं, कारण वहिनी एकदम कोरडी झाली. “कोर्टाने एक वकील नेमलाय. तो येऊन खोली बघणार. चावी पाठवा.”

“चावी पोचेपर्यंत तारीख जाईल.”

“मग?”

टाचणीला उत्तर माहीत होतं. “फोड.”

“काय म्हणालात? इथे कुकर आहे.”

“कुलूप फोड म्हटलं!”

“ऐकलं होतं पहिल्यांदाच,” वहिनी म्हणाली. “परत ऐकायचं होतं.”

खोली बघायच्या दिवशी टाचणीने फोन दोऱ्यांच्या रिळांना टेकवून ठेवला होता. समोर एक गिऱ्हाईक स्टुलावर उभं, लांब झगा घालून, आणि टाचणी गुडघ्यांवर बसून खालची कड टाचत होती. ओठांत टाचण्यांची रांग. तिकडे वहिनीच्या पोरीने फोन धरला होता, आणि इकडे पडद्यावर जिना दिसत होता. कोर्टाने नेमलेला वकील, हातात फाइल. मागे खाकरणारा. एका पायरीवर दादा, घामाघूम. मधला भाऊ खाली उभा, “चहा घेणार का?” विचारत. आणि वर, दारापाशी, पदर खोचून, हातात हातोडा घेऊन वहिनी.

“चावी?” नेमलेला वकील दादाला म्हणाला. “रोजचा वापर आहे म्हणालात.”

“हरवली. कालच. आपल्याला काय, पोरं कुठेही टाकतात.”

“कुणाची पोरं? तुमची दोन्ही पोरं बाहेरगावी,” वहिनी म्हणाली. “सरका, भावजी.”

“तू हात लावायचा नाहीस! कोण गं तू?”

वहिनीने कमरेला खोचलेला कागद काढला आणि दादाच्या नाकासमोर धरला. “मी तुमची बहीण. आज मी तुमची बहीण आहे, दादा. ओवाळू का?”

टाचणीला ओरडायचं होतं, पण तोंडात टाचण्या. तिने कडेत एक टाचणी खुपसली ती सरळ आत गेली. वरून गिऱ्हाईक किंचाळलं. इस्त्री तरातरा आली, फोनकडे तिचं लक्ष गेलं, आणि तिने तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यावर हातोडा पडला. इस्त्रीचं तोंड तसंच राहिलं. दुसरा घाव. तिसरा. वहिनी काही नुसतं कुलूप फोडत नव्हती. इतक्या वर्षांचं गॅसशेजारचं सगळं त्या घावांत होतं. कुलूप कधीच तुटलं होतं, तरी ती आणखी एकदा मारून घेत होती.

दार उघडलं. पोतं नाही, पाटी नाही, चिमूटभर सिमेंट नाही. आईचं मशीन, झाकणाखाली. भिंतीशी आईची खुर्ची. खिडकीच्या गजांवर जाळी. आणि जमिनीवर धुळीचा एवढा जाड, अखंड थर की त्यावर नेमलेल्या वकिलाच्या बुटाचा ठसा पडला तो पहिलाच.

“हलकं सिमेंट दिसतंय,” तो म्हणाला आणि फाइलमध्ये लिहायला लागला.

इस्त्रीने टाचणीकडे पाहिलं. “हाच तो कागद?”

टाचणीने ओठ मिटून मान हलवली.

“काम कर,” इस्त्री म्हणाली, पण फोन तिने उचलला नाही.

कोर्टाने दादाला ठणकावलं: दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, ताबा बहिणीचा. दावा संपला नव्हता, पण दादाचा दात पडला होता. टाचणीने त्या संध्याकाळी स्वतःला एक नवी कात्री घेतली. आनंद साजरा करायची तिला दुसरी रीत माहीत नव्हती.

आणि मग वहिनीने दुसरा फोटो पाठवला. पुन्हा शब्द नाही. खोली झाडून पुसून लख्ख. खिडकीशी टेबल, टेबलावर पुस्तकं. कोपऱ्यात गादी. मशीनच्या झाकणावर एक वेणी घातलेली पोरगी कोपर टेकून, दात दाखवत.

टाचणीने फोन लावला तो टाचण्या न काढताच. “हे काय आहे?”

“ताबा,” वहिनी म्हणाली. “राखतेय.”

“राहायला सांगितलं होतं का मी?”

“वकीलसाहेब म्हणाले, खर्रर, म्हणजे बघा, नुसत्या कुलपाने ताबा राहत नाही, उद्या दादा दुसरं कुलूप घालतील, माणूस पाहिजे. विकली नाही. भाड्याने दिली नाही. तडजोड तर अजिबात नाही. तुम्हीच सांगितलंत ना सगळं मोजून मापून? राहायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

टाचणीने स्वतःच्या हाताने, कारकुनाच्या डोळ्यांत डोळे घालून, प्रत्येक पानावर सही केली होती. भुतं राहतील पण तू नाही, असं जिला म्हणाली होती तिला तिने स्वतः आत नेऊन बसवलं होतं, शिक्क्यासकट.

वकिलाला विचारलं तर तो खाकरून म्हणाला, रद्द करता येतं, त्याच खिडकीत, त्याच कारकुनासमोर. तो दिवसभर टाचणीच्या डोक्यात रद्द, रद्द, रद्द मशीनसारखं चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. गूळ परत आला होता.

“बघितलंस ना? मी सांगत होतो. साप पाळलास तू. संसार थाटलाय तिने वर! आपल्याला काय, पण बहिणीची जागा परक्या बाईने बळकावलेली मला बघवत नाही. तू एक कर. तिचं मुखत्यारपत्र रद्द कर, माझ्या नावाने दे. आजच तिला गादीसकट जिन्यावरून खाली घालतो.”

टाचणी ऐकत होती. समोर कुणाचा तरी झगा होता, कडेला अर्ध्या टाचण्या लागलेल्या, अर्ध्या ओठांत. तिला दिसलं: रिकामी खोली, आणि त्यात हलकं सिमेंट. मग दिसली ती वेणीवाली, मशीनच्या झाकणावर कोपर टेकलेली. आईने कुणालाही त्या झाकणावर कोपर टेकू दिलं नव्हतं. टाचणीलासुद्धा. चिमटा काढायची.

“दादा,” ती उजव्या कोपऱ्यातून म्हणाली, “तुझ्या नावाने देण्यापेक्षा मी भुतांच्या नावाने देईन.”

“म्हणजे तुला ती चालते?”

“नाही चालत. तू त्याहून चालत नाहीस.”

फोन ठेवून तिने उरलेल्या टाचण्या लावल्या. कड पूर्ण केली, धागा कापला, झगा वर पाठवला. मगच वहिनीला फोन लावला. पलीकडे या वेळी कुकर नव्हता. खिडकीतला वारा होता.

“रद्द करताय?” वहिनीने विचारलं. आवाज ताठ होता, पण ती श्वास धरून होती हे टाचणीला ऐकू आलं. माणसाचा श्वास ऐकायला तिचे कान तयार होते. माप घेताना तेच तर ऐकायचं असतं.

“मशीनला तेल घातलंस?”

“काय?”

“इतकी वर्षं बंद आहे. चाक अडकलं असेल. आधी पुसून घे, मग थेंब थेंब. भसाभसा ओतू नकोस, स्वयंपाकासारखं.”

“माझा स्वयंपाक कधी खाल्लाय तुम्ही?”

“वास यायचा. आणि पोरीला सांग, झाकणावर कोपर टेकायचं नाही.”

“सांगते. ऐकेल असं नाही. तुमच्या घराण्यातली आहे.”

“खुर्ची खिडकीपाशी ठेव. आईची. तिथेच असायची.”

“तिथे पोरीचं टेबल आहे.”

“मग टेबल सरकव.”

“तुम्ही या,” वहिनी म्हणाली, “आणि सरकवा.”